कळफलकाचे आवरण आणि ध्वनि-चित्रसंपादन : यवतमाळ जिल्ह्यातील कोलामीच्या अभ्यासाच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

भाषेच्या क्षेत्रीय अभ्यासात साधनांचा विचार सामान्यतः गौण मानला जातो. निवेदकाची निवड, प्रश्नावलीची रचना, स्वनिमांचे निर्धारण यांवर पुष्कळ लिहिले जाते. परंतु मुद्रित झालेली सामग्री ज्या यंत्रावर तासन्‌तास ऐकली जाते, तोडली जाते आणि लिहून काढली जाते, त्या यंत्राच्या कळफलकाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः एका तासाच्या मुद्रणाचे ‘सामग्री’त रूपांतर होते ते या कळफलकावरच. तेथे होणारी चूक पुढे शब्दकोशात जाते, व्याकरणात जाते आणि मूळ ध्वनिफीत पुन्हा कोणी ऐकेपर्यंत तेथेच राहते.

कळफलकावर बसविण्याचे पातळ आवरण ही तशी क्षुल्लक वस्तू. ध्वनी व चलच्चित्र यांच्या संपादनासाठी संपादनाच्या आज्ञा छापलेली रंगीत आवरणे गेली अनेक वर्षे बाजारात मिळतात. त्यांचा उपयोग चित्रपट व नभोवाणीच्या व्यवसायात सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखात या आवरणाचे लाभ व मर्यादा यांचा विचार भाषाभ्यासकाच्या दृष्टीने करावयाचा आहे. विचाराला ठोस आधार असावा म्हणून यवतमाळ जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या कोलामी भाषेचे उदाहरण समोर ठेवले आहे.

२. क्षेत्र आणि भाषा

यवतमाळ जिल्ह्यात मराठी व तिची वऱ्हाडी बोली यांखेरीज गोंडी, कोलामी आणि बंजारा समाजाची गोरमाटी या भाषा बोलल्या जातात. कोलामीचा वावर मुख्यतः जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागात, म्हणजे केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत आहे. कोलामांच्या वस्तीस ‘पोड’ म्हणतात. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना शासनाने विशेष असुरक्षित आदिम गटांत केली आहे, त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलामांचा समावेश होतो. २०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारांची संख्या देशभरात सुमारे १ लाख २८ हजार होती.

कोलामी ही मध्य द्राविडी शाखेतील भाषा. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात तिची नोंद आहे. मराठी वाचकांस इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी यांनी पैनगंगेपलीकडील आदिलाबादच्या कोलामीचे व्याकरण १९५० मध्ये प्रसिद्ध केले, आणि वर्धा बोलीवर आधारलेले मरे एमेनो यांचे विवेचन १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापले. या अभ्यासकांचे मुख्य साधन कान, कागद व पेन्सिल हेच होते. आजच्या अभ्यासकाजवळ ध्वनिमुद्रक, चित्रमुद्रक आणि संगणक आहे. म्हणजे पुरावा अधिक टिकाऊ झाला आहे. परंतु पुरावा टिकणे वेगळे आणि तो वाचता येणे वेगळे. पोडावर मुद्रित केलेली कथा जोवर खंडशः लिहिली गेली नाही, तिला अर्थ व टीपा जोडल्या गेल्या नाहीत, तोवर ती अभ्यासाच्या दृष्टीने मुकीच राहते. नव्या पिढीचा शाळा-बाजारातील व्यवहार मराठीत होऊ लागला असताना, ज्या वृद्ध निवेदकाकडे जाऊन शंका विचारावयाची तो उपलब्ध असेपर्यंतच हे लेखन पुरे होणे इष्ट असते. संपादनाच्या वेगाचा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा प्रश्न नाही.

३. संपादनाचे कार्य आणि आज्ञाकळा

संपादनाचे कार्य कसे चालते हे प्रथम पाहिले पाहिजे. चलच्चित्राच्या बहुतेक संपादन-प्रणालींत जे, के व एल या शेजारशेजारच्या तीन कळा अनुक्रमे मागे चालविणे, थांबविणे व पुढे चालविणे या कामांसाठी वापरतात. आय व ओ या कळांनी तुकड्याचा आरंभ व शेवट ठरविला जातो. तुकडा तोडण्याची कळ मात्र प्रणालीनुसार बदलते. ॲडोबी प्रीमिअरमध्ये ती सी आहे, दा विंची रिझॉल्व्हमध्ये बी. भाषाभ्यासकांत प्रचलित असलेल्या प्रणालींचे संकेत आणखी वेगळे. नायमेखन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेने तयार केलेल्या ‘इलान’मध्ये निवडलेला खंड ऐकण्यासाठी शिफ्ट व स्पेस या कळा एकत्र दाबतात, तर नव्या टिपणासाठी आल्ट व एन. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील बूर्स्मा व वेनिंक यांच्या ‘प्रात’मध्ये निवडलेला भाग टॅब कळेने ऐकू येतो. अशा कळांना किंवा कळांच्या जोड्यांना व्यवहारात ‘शॉर्टकट’ म्हणतात. येथे त्यांना ‘आज्ञाकळा’ म्हटले आहे.

यांची संख्या किती होते याचा अंदाज साध्या गणिताने येईल. एका तासाच्या कथनाचे सरासरी तीन सेकंदांचे खंड पाडले, तर १२०० खंड होतात. प्रत्येक खंड निदान तीनदा ऐकला, एकदा सीमा निश्चित केली व एकदा टिपण उघडले असे मानले, तरी ६००० वेळा आज्ञाकळ दाबावी लागते. प्रत्यक्ष लेखनासाठी लागणाऱ्या कळा यात धरलेल्या नाहीत. नवशिक्या विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी कळ शोधण्यात अर्धा सेकंद घालविला, असे उदाहरणादाखल धरले, तर केवळ शोधण्यात ५० मिनिटे जातात.

परंतु वेळेपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. स्वराची लांबी अथवा व्यंजनाचे द्वित्व ठरविताना कान ध्वनीकडे आणि डोळे पडद्यावरील तरंगचित्राकडे असावे लागतात. कळ शोधण्यासाठी दृष्टी खाली गेली, की नुकत्याच ऐकलेल्या ध्वनीची श्रवणस्मृती पुसट होते आणि खंड पुन्हा ऐकावा लागतो. कधी कधी तो पुन्हा ऐकला जात नाही आणि स्मृतीवर विसंबून लिहिले जाते. प्रतिलेखनातील कित्येक चुकांचे मूळ या दुसऱ्या प्रकारात असते.

४. आवरण काय करते आणि काय करीत नाही

आवरण म्हणजे सिलिकोन किंवा तत्सम लवचिक द्रव्याचा, कळांच्या आकारानुसार ओतलेला पातळ पापुद्रा. त्यावर प्रत्येक कळेच्या जागी अक्षराबरोबर संपादनाची खूण छापलेली असते. एकाच जातीच्या आज्ञांना बहुधा एकच रंग दिलेला असतो : चालविण्याच्या कळा एका रंगात, तोडण्याच्या दुसऱ्या रंगात, खुणा करण्याच्या तिसऱ्या रंगात.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. कळ म्हणजे अक्षर नव्हे. कळ म्हणजे एक स्थान. कळ दाबली असता संगणकास त्या स्थानाचा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाचे कोणते अक्षर अथवा कोणती आज्ञा करावयाची, हे त्या वेळी चालू असलेला कळविन्यास व संपादन-प्रणाली ठरविते. आवरणावर काय छापले आहे याचा संगणकास पत्ताही नसतो. आवरण यंत्रास काहीच सांगत नाही. ते केवळ माणसास सांगते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो. जे ही कळ ‘मागे’ का दाखविते याला अक्षरातून मिळणारे कारण नाही. असा यादृच्छिक संबंध प्रथम पाठच करावा लागतो. आवरण ही त्या पाठांतराची उघडी वही आहे.

जुन्या टंकलेखन-वर्गांतील पद्धतीशी याची तुलना उद्बोधक ठरेल. तेथे विद्यार्थ्याने कळांकडे पाहू नये म्हणून कळांवरील अक्षरे झाकण्याची रीत होती. संपादनाचे आवरण याच्या उलट अधिक माहिती दाखविते. हे दोन मार्ग परस्परविरोधी वाटतात. तथापि त्यांचे अंतिम ध्येय एकच, म्हणजे दृष्टी कळफलकावरून उठावी हे आहे. रंगाचे गट डोळ्यांच्या कडेनेही ओळखता येतात. त्यामुळे अक्षर वाचण्यासाठी मान खाली घालण्याचे कारण कमी होते. काही आठवड्यांच्या सरावानंतर ज्यास आवरणाकडे पाहण्याची गरज उरत नाही, त्याच्यापुरते आवरणाचे काम झाले असे समजावे.

५. दोन लिप्या, एक कळफलक

मराठी अभ्यासकाच्या बाबतीत हा प्रश्न एका कारणाने अधिक गुंतागुंतीचा होतो. टिपणे देवनागरीत लिहावयाची आणि आज्ञा रोमन कळांनी द्यावयाच्या, अशी दुहेरी स्थिती असते. १९८६ मध्ये शासनाने पुरस्कृत केलेल्या व पुढे १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या इन्स्क्रिप्ट विन्यासात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुसंख्य व्यंजने उजव्या हाताला येतात. त्यात जे, के व एल या कळांवर अनुक्रमे र, क व त आहेत. देवनागरी विन्यास चालू असताना जे दाबली, तर काही प्रणालींत मुद्रण मागे जाते, काहींत काहीच होत नाही आणि टिपणाची चौकट उघडी असल्यास तीत ‘र’ उमटतो. असा उपरा ‘र’ एखाद्या कोलामी शब्दाच्या शेवटी चिकटला, तर तो चुकून पडलेला आहे की प्रत्यय आहे, हे सहा महिन्यांनी ओळखणे कठीण होते.

अशा ठिकाणी आवरणाची रचना विचारपूर्वक निवडली, तर चूक टळू शकते. ज्यावर रोमन अक्षर, देवनागरी अक्षर आणि आज्ञेची खूण ही तिन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत व वेगवेगळ्या रंगांत दिली आहेत, असे आवरण वापरणाऱ्यास आपण कोणत्या अवस्थेत आहोत याची सतत जाणीव करून देते. ज्यांची बोटे रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टंकलेखनावर तयार झाली आहेत आणि ज्यांना आता इन्स्क्रिप्टकडे वळावयाचे आहे, त्यांनाही संक्रमणकाळात देवनागरी छापाचे आवरण साहाय्यभूत होते. विभागातील एकच संगणक अनेक विद्यार्थी वापरत असतील, तर प्रत्येकाने आपापले आवरण ठेवावे व काम संपताच काढून घ्यावे. कायमच्या कोरलेल्या कळफलकापेक्षा ही व्यवस्था स्वस्त पडते.

६. ऱ्हस्व ‘ऎ’ आणि ‘ऒ’ यांचा प्रश्न

कोलामीच्या संदर्भात आवरणाचा सर्वांत मोलाचा उपयोग कदाचित येथे आहे. एमेनो यांच्या विवेचनानुसार कोलामीत पाच ऱ्हस्व व पाच दीर्घ स्वर आहेत. म्हणजे अ, इ, उ यांच्याप्रमाणे ए व ओ यांतही ऱ्हस्व-दीर्घ भेद सार्थ आहे. मराठीत ए व ओ यांचा असा भेद नाही. त्यामुळे ‘घर’ या अर्थाचा कोलामी शब्द मराठी अभ्यासक सहज ‘एल्ला’ असा लिहितो. त्यातील आद्य स्वर ऱ्हस्व आहे याची नोंद, म्हणजे ‘ऎल्ला’ हे रूप, लेखनात उतरत नाही. इ-ई व उ-ऊ यांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. मराठी उच्चारात यांचा भेद अर्थभेदक म्हणून क्षीण झाला असून लेखनात तो मुख्यतः स्थानावरून ठरतो. शब्दान्ती दीर्घ लिहिण्याची सवय हाताला जडलेली असते. ‘पाणी’ या अर्थाच्या ‘ईर’ या कोलामी शब्दातील स्वर खरोखरच दीर्घ आहे. पण तो दीर्घ लिहिला गेला तो ऐकून की सवयीने, हे लेखनावरून कळत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रतिलेखकास भेद करावयास भाग पाडणे. इन्स्क्रिप्ट ही योजना भारतीय लिप्यांसाठी समान तत्त्वावर रचलेली असल्यामुळे तमिळ, तेलुगू, कन्नड यांना लागणाऱ्या ऱ्हस्व ए-ओच्या जागा तीत राखलेल्या आहेत. युनिकोडमध्येही देवनागरी ऎ व ऒ आणि त्यांच्या मात्रा आहेत. म्हणजे यंत्राची अडचण नाही. अडचण आहे ती मराठी हाताची : ज्या कळेची मराठीस कधी गरज पडत नाही, तिकडे बोट वळतच नाही. आवरणावर या दोन स्वरांच्या जागा ठळक रंगाने दर्शविल्या, अथवा पारदर्शक आवरणावर न पुसणाऱ्या शाईने खूण केली, तर प्रत्येक ए लिहिताना ‘हा कोणता?’ हा प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहतो. उत्तर कानानेच द्यावयाचे असते; आवरण फक्त प्रश्न विसरू देत नाही.

७. आघातध्वनी आणि स्पर्शव्यंजने

संपादन नेहमी एकान्तातच होते असे नाही. अनेकदा अभ्यासक लॅपटॉप घेऊन पोडावर परत जातो, मुद्रित कथा निवेदकास खंडशः ऐकवितो, आणि निवेदकाने सावकाश पुनरुच्चारिलेले रूप त्याच वेळी मुद्रित करतो. या पुनरुच्चारणाच्या मुद्रणात कळा दाबल्याचे आवाज मिसळतात.

सामान्य श्रोत्यास ते केवळ अप्रिय वाटतील. ध्वनिवैज्ञानिकास ते दिशाभूल करणारे ठरू शकतात. कळेचा आघात हा अत्यल्प काळ टिकणारा, विस्तृत कंप्रता-पट्ट्यात पसरलेला ध्वनी असतो. क, त, ट, प यांसारख्या स्पर्शव्यंजनांच्या मोचनाचा स्फोटही तसाच असतो. शब्दान्ती स्पर्श आहे की नाही, आणि असल्यास त्याचे मोचन होते की नाही, हे ध्वनिचित्रावरून ठरवीत असताना नेमक्या त्याच क्षणी कळेचा आघात पडला असेल, तर नसलेले मोचन ‘दिसू’ लागते.

सिलिकोनचे आवरण या आघाताचा तीक्ष्ण भाग सौम्य करते. तथापि ते त्यास नाहीसा करीत नाही. कळ तळाला टेकताना होणारा मंद आवाज व टेबलामार्फत ध्वनिग्राहकापर्यंत जाणारे कंपन कायम राहते. म्हणून आवरणाबरोबर ध्वनिग्राहक वेगळ्या आधारावर, शक्यतो निवेदकाच्या मुखाजवळ ठेवणे आणि त्याचा उच्चार पूर्ण होईपर्यंत कळेस हात न लावणे हे नियम पाळलेच पाहिजेत.

८. धूळ, सरकी आणि हवामान

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वेचणीच्या हंगामात घरोघरी कापूस साठविलेला असतो आणि त्याचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते व कच्च्या रस्त्यांची धूळ सर्वत्र पसरते. लॅपटॉपच्या कळांखाली तंतू किंवा कण शिरला, की कळ अडखळते किंवा एका दाबात दोनदा उमटते. साध्या लेखनात दुहेरी अक्षर लगेच दिसते; परंतु ज्या भाषेत व्यंजनाचे द्वित्व नोंदवावयाचे आहे, तेथे यंत्राने दिलेले द्वित्व आणि निवेदकाने उच्चारलेले द्वित्व यांतील फरक कागदावर उरत नाही. आवरणामुळे हा धोका बराच कमी होतो. आदरातिथ्याचा चहा सांडल्यास मिळणारे संरक्षणही दुर्लक्षणीय नाही. मात्र ते वरच्या पृष्ठभागापुरतेच असते आणि कडेने आत जाणाऱ्या द्रवास आवरण अडवीत नाही.

९. मर्यादा

आवरणाच्या मर्यादा ध्यानात घेतल्यावाचून त्याचा पुरस्कार करणे योग्य होणार नाही.

पहिली मर्यादा स्पर्शाची. एफ व जे या कळांवरील उंचवटे आवरणाखाली पुसट होतात; त्यांवर बोटे टेकवून न पाहता लिहिणाऱ्या कुशल टंकलेखकास आवरण अडथळाच वाटते. दुसरी उष्णतेची. काही लॅपटॉप कळफलकाच्या फटींतून हवा घेतात वा सोडतात. चित्रसंपादनासारख्या जड कामात, त्यातही वैशाखातल्या दुपारी, अशा यंत्रावर आवरण ठेवणे हितावह नाही. तिसरी जाडीची. पातळ बांध्याच्या यंत्रात आवरण तसेच ठेवून झाकण मिटल्यास पडद्यावर दाब येऊ शकतो. म्हणून मिटण्यापूर्वी ते काढावे. चौथी मापाची. आवरण यंत्राच्या नेमक्या प्रतिरूपासाठीच घेतले पाहिजे; एंटर कळेचा आकारही विन्यासानुसार बदलतो.

पाचवी मर्यादा अधिक तात्त्विक आहे. आज्ञाकळा प्रणालीगणिक भिन्न असतात आणि वापरणाऱ्यास त्या बदलताही येतात. रिझॉल्व्हसाठी छापलेले आवरण घेऊन प्रीमिअरवर बसणारा विद्यार्थी चुकीच्या नकाशाने प्रवास करतो. नकाशा नसण्यापेक्षा चुकीचा नकाशा अधिक घातक. ‘इलान’ किंवा ‘प्रात’ यांच्या आज्ञा चित्रसंपादनाच्या आवरणावर सापडणार नाहीत. त्यांसाठी पारदर्शक वा कोरे आवरण घेऊन विभागात ठरलेल्या खुणा स्वतः करणे हा मार्ग अधिक सयुक्तिक होय. अशा खुणा करण्यापूर्वी सर्व सहाध्यायांनी एकच आज्ञासंच निश्चित करून लिहून ठेवावा, म्हणजे एकाने सुरू केलेले काम दुसऱ्यास पुढे नेता येते.

निगेविषयी थोडेसे. हाताचे तेल व घाम यांमुळे आवरण चिकट होते. ते सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवावे. ओलसर आवरण खाली दमटपणा कोंडून ठेवते, आणि ज्यापासून रक्षण करावयाचे तीच हानी घडविते. पावसाळ्यात हे विशेष जपावे.

१०. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. आवरण हे प्रथमतः शिक्षणाचे साधन आहे. आज्ञाकळांचे यादृच्छिक संकेत अंगवळणी पडेपर्यंत ते दृष्टी पडद्यावर व लक्ष ध्वनीवर ठेवण्यास मदत करते. दुसरे, ते संरक्षणाचे साधन आहे, आणि कापसाच्या व धुळीच्या प्रदेशात हे संरक्षण सामग्रीच्या शुद्धतेशी थेट जोडलेले आहे. तिसरे, द्विलिपी लेखनात व मराठीस अपरिचित अशा स्वरभेदांच्या नोंदीत ते प्रतिलेखकाच्या सवयीला वेळोवेळी हटकते. ध्वनिशमनाचा लाभ खरा पण मर्यादित आहे. कुशल संपादकास, किंवा तापणाऱ्या यंत्रावर, ते न वापरणेच श्रेयस्कर.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने क्षेत्रकार्यास निघताना ध्वनिमुद्रक, विद्युत्‌घट व वही यांच्या यादीत या वस्तूची भर घालावी, आणि निघण्यापूर्वी निदान एक आठवडा ती वापरून पाहावी. पोडावर बसलेला वृद्ध कथनकार एखादा शब्द पुन्हा सांगण्यास एकदा, दोनदा, फार तर तीनदा तयार होतो. त्या तीन वेळा अभ्यासकाचे लक्ष त्याच्या ओठांवर असावयास हवे, कळफलकावर नव्हे.